कळतं, पण वळत नाही : मुलांमधला आणि मोठ्यांमधला एडीएचडी कसा ओळखावा

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता २६ वर्षांची आहे. चिवड्याची वाटी बाजूला सारून तिने पिशवीतून जुनी प्रगतिपुस्तकं काढली आणि म्हणाली, "बाई, डॉक्टरांना माझ्या लहानपणचं काहीतरी लेखी हवंय. तुम्हाला आठवेल ते लिहून द्याल?" तिसरी-चौथीच्या पानांवर माझंच अक्षर होतं. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' 'वह्या अपूर्ण.' 'उदाहरण येते, उतरवताना चुकते.' 'वस्तू हरवते.' चारही सत्रांत थोड्याफार फरकाने तेच.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्थिर बसणं किंवा स्वतःला आवर घालणं सतत जड जाणं. त्याची कितीतरी लक्षणं मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती आणि तरी मला ती दिसली नव्हती. ती मुलगी दंगा करत नव्हती, कुणाला मारत नव्हती, म्हणून तिची तक्रार कधी माझ्या टेबलापर्यंत आली नाही. पुढची सतरा वर्षं ती स्वतःला आळशी समजत राहिली. याची मला खंत आहे, आणि हा लेख त्या खंतीतून लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. प्राथमिक शाळेत २३ वर्षं शिकवते आहे. निदान करणं माझं काम नाही, तुमचंही नाही. पण नीट पाहणं, पाहिलेलं लिहून ठेवणं आणि योग्य माणसापर्यंत नेणं हे घराचं आणि शाळेचंच काम आहे. डॉक्टरांच्या खोलीत मूल अर्धा तास असतं आणि नव्या जागेत बहुतेक मुलं शहाण्यासारखी बसतात. उरलेला सगळा दिवस आपण बघतो.

पाहण्याआधी काय समजून घ्यायचं

'कळतं, पण वळत नाही' असं आपण चिडून म्हणतो. एडीएचडीचं याहून अचूक वर्णन मला सापडलेलं नाही. या मुलाला दप्तर रात्री भरावं हे ठाऊक असतं. विचारलं तर तो तुम्हाला कारणासकट सांगेल. अडचण माहितीची नसते. काम सुरू करणं, मधे आलेली ऊर्मी थांबवणं, तीन सूचना एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं, हे सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने घडलेली असते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००७ सालच्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाची वाढ सरासरी तीन वर्षं मागे दिसली होती. नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण नऊ वर्षांची शिस्त मागतो आणि आवर घालण्याची त्याची ताकद मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाची असते, असा अनुभव आईवडिलांना का येतो, ते यावरून समजतं.

ही आनुवंशिकतेशी घट्ट जोडलेली गोष्ट आहे. आईच्या लाडामुळे, साखरेमुळे किंवा मोबाइलमुळे एडीएचडी होत नाही. मोबाइलमुळे लक्ष आणखी विस्कळीत होऊ शकतं, ते खरं. पण लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांबद्दल व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा मोबाइल सोडाच, घरात रेडिओसुद्धा नव्हता.

आणि पालकसभेत हमखास येणारा प्रश्न : "लक्ष नाही म्हणता, मग गेम खेळताना दोन तास कसा हलत नाही?" एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडे वळवता येत नाही. गेममध्ये दर दोन सेकंदांनी काही नवं घडतं, लगेच बक्षीस मिळतं. पाढे लिहिताना यातलं काहीच घडत नाही. आवडीच्या कामात बुडून जाणं आणि नावडत्या कामाला हातच न लागणं, ही दोन्ही टोकं एकाच माणसात दिसली तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यामुळे 'गेमला लक्ष लागतं, म्हणजे नाटक करतो' असा निष्कर्ष काढू नका.

पायरी १ : घरातली विशेषणं ऐका

कागद-पेन घ्या आणि त्या मुलाला, किंवा मोठ्या माणसाला, घरात गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या शब्दांनी हाक मारली गेली ते लिहा. आपल्या भाषेने ही लक्षणं कधीच टिपून ठेवली आहेत, फक्त स्वभाव म्हणून.

धांदरट, वेंधळा, विसराळू, 'कुठे हरवलेली असते', 'एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडतो' हे शब्द लक्षाच्या बाजूचे. भिंगरी, चळवळ्या, 'बूड टेकत नाही', 'अखंड बडबड' हे चंचलतेचे. उतावळा, 'मधेच तोंड घालतो', 'आधी करतो, मग विचार करतो' हे आवर न घालता येण्याचे. मोठ्यांसाठी एक खास शब्द आहे, आरंभशूर.

डॉक्टर ज्या निकषांवर चालतात त्या यादीत १८ लक्षणं आहेत, नऊ दुर्लक्षाची आणि नऊ चंचलता-उतावीळपणाची. काहींमध्ये फक्त पहिला गट ठळक असतो, काहींमध्ये दुसरा, काहींमध्ये दोन्ही. म्हणून 'माझा मुलगा तर शांत बसतो' एवढ्यावरून एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही.

पायरी २ : मुलांमध्ये नेमकं काय पाहायचं

चार वर्षांच्या आतल्या मुलाला हे लेबल लावायच्या फंदात पडू नका. त्या वयात धावणं, चढणं, ऐकून न घेणं हेच काम असतं. बालवाडीच्या वयात मात्र काही मुलं वेगळी उठून दिसतात. गोष्ट ऐकायला सगळे बसले की पहिल्या मिनिटाला उठतात, रस्त्यावर हात सोडून धावतात, एकदा भाजूनही तव्याला पुन्हा हात लावतात.

खरं चित्र पहिली ते चौथीत उघडं पडतं, कारण तिथे पहिल्यांदा बसून, ऐकून, लिहून दाखवायचं असतं. माझ्या वर्गात मी आता या गोष्टी पाहते. बेरजेची पाच उदाहरणं बरोबर आणि सहावं वजाबाकीचं असलं तरी त्याचीही बेरजच. हातचा धरायला येतो, पण दर तिसऱ्या उदाहरणात राहून जातो. फळ्यावरचं उतरवताना मधली ओळ गायब. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी, लेखीत प्रश्नच सुटलेले. पट्टी, खोडरबर, डबा, स्वेटर यांपैकी दर आठवड्याला काहीतरी हरवतं. "वही काढा, तारीख घाला, शीर्षक लिहा" म्हटलं की वही निघते आणि पुढचं विरून जातं.

चंचल गटातली मुलं ओळखायला सोपी असतात. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर, रांगेत धक्काबुक्की, बाकावर पाय हलवत राहणं, खेळात आपली पाळी येईपर्यंत दम न निघणं. या मुलांना दिवसभरात इतक्या वेळा रागावलं जातं की दहाव्या वर्षापर्यंत ती एकतर निगरगट्ट होतात किंवा लहानशा बोलण्यानेही रडू लागतात. भावनांचा असा झटकन होणारा भडका अधिकृत यादीत नसला तरी पालकांना तोच सगळ्यात जास्त थकवतो. त्याचीही नोंद ठेवा.

मुलींबद्दल थोडं थांबून सांगते. निदान झालेल्यांमध्ये मुलगे जास्त दिसतात, आणि त्यामागे एक कारण हेही आहे की मुली हातून निसटतात. मुलगी वर्गात हलत नाही, केसांची बट पिळत बसते, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते. अखंड बोलते, पण ते 'बोलकी आहे' म्हणून खपून जातं. शिवाय आपल्याकडे मुलीला नीटनेटकं राहायचं वळण इतकं लावलं जातं की ती सगळी ताकद लावून चूक झाकते, दोनदा तपासते, मैत्रिणीला विचारते, रात्री जागते. बाहेरून गुण ठीक दिसतात. माझ्या त्या विद्यार्थिनीची माझ्याकडची शिक्षा ठरलेली होती, वही पूर्ण होईपर्यंत मधल्या सुट्टीत बसायचं. आज मला माहीत आहे की अशा मुलांना ती सुट्टी सगळ्यात जास्त लागते.

किशोरवयात धावपळ कमी होते आणि अस्वस्थता आत जाते. प्रकल्प आदल्या रात्री सुरू होतो, खोलीत पसारा असतो, गाडी हातात आली की वेग असतो.

पायरी ३ : मोठ्यांमध्ये

मोठेपणी काहींची लक्षणं ओसरतात, पुष्कळांची रूप बदलून टिकतात. कुणी बाकावर चढत नाही, पण मीटिंगमध्ये पाय हलत राहतो आणि आत मोटार चालू असल्यासारखं वाटतं. खात्यात पैसे असूनही विजेचं बिल दंडासह भरलं जातं, कारण 'आत्ता भरतो' म्हणून फोन हातात घेतला आणि दुसरंच काही उघडलं. "दहा मिनिटांत निघतो" हे तो मनापासून म्हणतो. त्याची दहा मिनिटं घड्याळाच्या चाळीस मिनिटांएवढी असतात. दूध उतू जातं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, एकच परिच्छेद चार वेळा वाचावा लागतो. समोरचा बोलत असताना वाक्य तोडलं जातं, कारण आत्ता बोललो नाही तर विसरेन ही धास्ती असते. घरात गिटार, विणकामाच्या सुया, अर्धवट रंगवलेली भिंत आणि तीन ऑनलाइन कोर्स पडलेले असतात.

बऱ्याच मोठ्यांचं निदान आधार सुटल्यावर होतं. दहावीला ९२ टक्के मिळवणारा मुलगा हॉस्टेलवर जातो आणि पहिल्याच वर्षी एटीकेटी लागते. घरी आई उठवत होती, डबा देत होती, अभ्यासाला बसवत होती, म्हणजे आवर घालणारी यंत्रणा आईची होती. तसंच लग्नानंतर, मूल झाल्यावर, बढती मिळून दहा माणसांचं काम सांभाळावं लागल्यावर. आणि खूप जण स्वतःच्या मुलाच्या तपासणीला गेल्यावर तिथले प्रश्न ऐकून चपापतात : हे तर माझंही होतं.

मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक चाळणी वापरली जाते. कामाचा शेवटचा किचकट भाग पूर्ण करणं जड जातं का, नियोजन लागणाऱ्या कामात वस्तू-कागद क्रमाने लावणं अवघड जातं का, भेटीच्या वेळा आणि जबाबदाऱ्या विसरतात का, डोकं लागणारं काम सुरू करायला टाळाटाळ होते का, बराच वेळ बसावं लागलं की हातपाय चाळवतात का, कुणीतरी आतून पळवत असल्यासारखं वाटतं का. पहिल्या तीन प्रश्नांना 'कधीकधी' किंवा त्याहून जास्त, आणि शेवटच्या तीन प्रश्नांना 'बऱ्याचदा' किंवा त्याहून जास्त असं उत्तर आलं तर ते धरायचं. चार किंवा जास्त धरली गेली तर तज्ज्ञांकडे जाणं योग्य. हे निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे, आजार कोणता हे त्यावरून कळत नाही.

पायरी ४ : तीन प्रश्नांची कसोटी

आतापर्यंतचं वाचून 'हे तर माझंच' असं तुम्हाला वाटलं असेल. वाटणारच. वस्तू सगळ्यांच्या हरवतात. म्हणून ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, इथे घाई करू नका.

कधीपासून? काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत आणि आताची लक्षणं किमान सहा महिने टिकलेली. चाळिशीत अचानक विसरायला लागलं असेल तर बहुधा दुसरं कारण शोधावं लागेल : झोप, थायरॉइड, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, नैराश्य. गेल्या जूनपासूनच मूल बिथरलं असेल तर गेल्या जूनमध्ये काय झालं ते आधी पाहा. शाळा बदलली, घरात भांडणं वाढली, कुणी गेलं, कुणी त्याला त्रास देतंय.

कुठे कुठे? किमान दोन ठिकाणी दिसायला हवं, घर आणि शाळा, किंवा घर आणि कामाची जागा. फक्त एका बाईंच्या तासाला मूल चळवळ करत असेल तर तो तास पाहावा लागेल. घरात मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर मुलाला भाषाच कळत नाही आणि ते खिडकीबाहेर बघतं, असंही मी अनेकदा पाहिलं आहे. वर्गातली वयाने सगळ्यात लहान मुलंही मोठ्यांच्या तुलनेत चंचल ठरतात. तेव्हा तुलना त्याच महिन्यात जन्मलेल्या मुलांशी करा.

किंमत किती? गुण, मैत्री, नोकरी, संसार, पैसा, अंगावरच्या जखमा, यांपैकी काहीतरी सातत्याने बिघडतंय का? बिघडत नसेल तर तो स्वभाव आहे, राहू द्या.

निकषांनुसार १७ वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये दोन्हींपैकी एका गटातली किमान सहा आणि त्यापुढच्यांमध्ये किमान पाच लक्षणं लागतात. ते मोजणं डॉक्टरांवर सोडा. तुम्ही या तीन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे घेऊन जा.

पायरी ५ : पंधरा दिवसांची वही

शंभर पानी वही पुरे. रोज तीन-चार नोंदी. नियम एकच, विशेषण लिहायचं नाही, घडलं ते लिहायचं. 'अभ्यास करत नाही' हे डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. हे बघा : 'सोमवार, संध्याकाळी ६. गणिताची ५ उदाहरणं. ५० मिनिटं लागली. ७ वेळा उठला, पाणी, पेन्सिल, खिडकीत कावळा. मी शेजारी बसले तेव्हा शेवटची दोन ८ मिनिटांत.' या एका नोंदीत गणित येतं हेही कळलं, कुठे अडतं हेही आणि कशाने फरक पडतो हेही.

नोंदीत वेळ, जागा, काम, सोबत कोण होतं, आदल्या रात्री किती झोप झाली एवढं असावं. चांगलं घडलेलंही लिहा. वही मुलासमोर वाचून दाखवू नका, आणि भांडणात पुरावा म्हणून तर कधीच काढू नका.

शाळेकडूनही लेखी घ्या. शिक्षकांना "त्रास देतो का हो?" असं विचारलं की आम्ही "थोडा मस्तीखोर आहे" म्हणून मोकळे होतो. नेमकं विचारा : दिलेलं काम किती वेळा पूर्ण होतं, सूचना किती वेळा सांगावी लागते, जागेवरून किती वेळा उठतो, मुलं याला खेळायला घेतात का. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वँडरबिल्ट नावाची प्रश्नावली आहे, तिचा एक भाग पालकांचा आणि एक शिक्षकांचा. डॉक्टर देतील तेव्हा ती घाईत भरू नका.

मोठ्यांनी आपल्यासोबत राहणाऱ्या माणसालाही वेगळ्या कागदावर लिहायला सांगावं. आणि माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढावीत. ती नसतील तर आई, आत्या, मोठी बहीण यांना विचारावं, "मी आठ-नऊ वर्षांचा असताना कसा होतो?"

पायरी ६ : दुसरं काही आहे का, हे तपासून घ्या

चष्म्याचा नंबर आणि कान आधी. कानात सारखं पाणी होणाऱ्या मुलाला अर्धं ऐकूच येत नाही आणि आपण त्याला बेलक्ष म्हणतो. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल रात्रभर नीट झोपत नाही आणि दिवसा चिडचिडं, अस्थिर होतं. त्याच्या टॉन्सिल-ॲडिनॉइडकडे पाहायला हवं. लोहाची कमतरता आणि थायरॉइड रक्ततपासणीत कळतं. मूल मधेच काही सेकंद एकटक बघत राहत असेल, खांद्याला हात लावूनही भानावर येत नसेल, आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू करत असेल, तर ते दिवास्वप्न नसून फिटचा एक प्रकार असू शकतो. त्याचा व्हिडिओ काढा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

लक्ष फक्त वाचन-लेखनाच्या वेळीच तुटत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीची, चाचणी मागा. दोन्ही एकत्र असणारी मुलंही पुष्कळ असतात. याला व्यवहाराची बाजूही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता नावानिशी आहे, एडीएचडी नावानिशी नाही. परीक्षेतल्या सवलतींचा विचार करताना हे उपयोगी पडतं.

पायरी ७ : कुणाकडे जायचं

मुलांसाठी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. चाचण्यांसाठी ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतात. खासगी तपासणीचा खर्च झेपत नसेल तर मोफत किंवा स्वस्त वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मनोविकार संस्था आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली-मानस, १४४१६ या मोफत क्रमांकावर विचारा. निदान न झालेले मोठे लोक अनेकदा नैराश्य आणि चिंतेने आधी कोलमडतात. जगणं नको वाटत असेल तर वही-बिही नंतर, आधी हा नंबर लावा.

एडीएचडी सांगणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआय नाही, ईईजी नाही. कुणी एका स्कॅनवरून किंवा दहा मिनिटांच्या भेटीत निदान दिलं, तर दुसरं मत घ्या. चांगल्या तपासणीत गर्भारपणापासूनचा इतिहास विचारला जातो, शाळेचं मत मागितलं जातं आणि सोबतीला दुसरं काही आहे का तेही पाहिलं जातं. विचारायचे प्रश्न लिहून न्या : हे कशावरून ठरवलं, दुसरं काय असू शकलं असतं, शाळेला काय सांगायचं. औषधाची चर्चा निघेल. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण असतं. त्यापुढे मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन अशी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात आणि त्यांनीच मात्रा ठरवायची असते. ओळखीच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊन पाहू नका.

जायच्या आदल्या दिवशी मुलाला खरं सांगा. मी आता पालकांना हे वाक्य सुचवते : "तुला येतं, पण करायला बसलं की अडकतं, हे मला दिसलंय. ते का अडकतं हे समजून घ्यायला आपण जातोय." वही, शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि आधीचे तपासणीचे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी रात्रीच चपलांच्या शेजारी ठेवा.